चक्कीच्या दगडावरची सनई

नागपूरला मी याआधी चारदा गेले होते आणि चारही वेळा डोळ्यांच्या दवाखान्यात. त्यामुळे नागपूर म्हणजे लांब बाक, हातातली चिठ्ठी आणि फिनेलचा वास, एवढंच मला ठाऊक होतं. या खेपेला आम्ही दोघं गेलो ते गाण्याचं यंत्र निवडायला. परत आल्यापासून दळण घेऊन येणाऱ्या बाया विचारतात, "काय पाह्यलं वं नागपुरात?" मी म्हणते, "चांगलं होतं," आणि चक्कीत गहू ओतते. चार लोकांत मला बोलता येत नाही. शाळाही चौथीपर्यंतच झाली. पण मुलीच्या शाळेच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, म्हणून तोंडाने जे सांगता आलं नाही ते इथे लिहिते.

पारशिवनीला बाजाराच्या मागे आमची पिठाची चक्की आहे. त्याआधी ह्यांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. लग्न असो की दिवाळीनंतरची मंडईची जत्रा, बैलगाडीत भोंगा, मशीन आणि तबकड्यांची पेटी घालून हे निघायचे. आमच्या लग्नातही मशीन चालवणारं दुसरं कोणी नव्हतं. सनईच्या तबकडीची एक बाजू संपली की नवरदेव मुंडावळ्या सांभाळत उठायचा, तबकडी उलटवून लावायचा आणि परत माझ्या शेजारी येऊन बसायचा. माझ्या आत्या त्यावर किती वर्षं हसत होत्या. पुढे कॅसेटी आल्या, धंदा बसला, आम्ही चक्की टाकली. तबकड्या मात्र राहिल्या. चक्कीच्या सुट्टीच्या दिवशी हे त्या लावायचे.

मग काचबिंदूने ह्यांचे डोळे गेले. आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. तरी चक्कीत अडत नाही. पीठ चिमटीत घेऊन दगड किती घासला ते सांगतात, पट्ट्याच्या आवाजावरून तो सैल झाल्याचं माझ्याआधी ओळखतात. पण मागच्या दिवाळीनंतर ह्यांनी तबकड्या लावणं बंद केलं. मशीनवर टॉवेल टाकला आणि सगळ्यांना सांगितलं, बिघडली.

ती बिघडली नव्हती. हे केस कापायला गेले असताना मी टॉवेल काढून लावून पाहिली होती. चांगली चालत होती. झालं होतं ते वेगळंच. सुई ठेवताना ह्यांचा हात चुकला आणि सुई तबकडीवरून खरवडत गेली. तो आवाज मी चक्कीतून ऐकला होता. मला हाक मारली असती तर मी येऊन लावून दिली असती. ह्यांनी हाक मारली नाही, आणि मीही विचारलं नाही.

आमची मुलगी वैशाली आणि जावई सचिन यांना यातलं काही माहीत नव्हतं. बाबांची मशीन गेली म्हणून दोघांनी ठरवलं, त्यांना जन्मभर पुरेल असं उत्तम यंत्र घेऊन द्यायचं. कौतुक वाटलं. पण त्या उत्तम यंत्रावरही असाच टॉवेल पडला तर काय, ही धास्ती घेऊन मी एस.टी.त बसले. प्रवासाबद्दल लिहीत नाही. कन्हानपर्यंत मळमळ आणि पुढे झोप.

बेसा

वैशालीचं यंदाच घेतलेलं घर नागपूरच्या बेसा भागात सहाव्या मजल्यावर आहे. जिकडे पाहावं तिकडे नव्या इमारती, आणि त्यांच्या मधे एखाद्या वावरात तूर अजून उभी. ती पाहून मला बरं वाटलं. लिफ्टमध्ये मी डोळे मिटून घेतले. हे मान वर करून ऐकत होते.

"जावईबापू, याचं बेअरिंग कोरडं झालं जी. ग्रीस टाकाले सांगा."

"बाबा, सोसायटीच्या मीटिंगमध्ये आता तुम्हालेच उभं करतो," सचिनराव म्हणाले.

सचिनराव कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत आणि गाण्याचे वेडे आहेत, म्हणून ह्यांचं आणि त्यांचं जमतं. त्यांनी हौसेने आम्हाला घरघंटी दाखवली. स्वयंपाकघरात कपाटासारखी पांढरी पेटी. वरून गहू टाकायचे, झाकण लावायचं, खालच्या डब्यात पीठ. पट्टा नाही, धूळ नाही, तोंडाला फडकं बांधणं नाही. मी दोन्ही बाजूंनी फिरून पाहिली. खोटं कशाला लिहू, मला हेवा वाटला. ह्यांनी चिमूटभर पीठ अंगठ्यावर घासलं.

"गरम दळते हे."

"म्हणजे वाईट का, बाबा?"

"वाईट नाही जी. पण पोळी दुपारपर्यंत वातड होईल. मंग आमच्या पोरीले बोलू नका."

"पाहा!" वैशाली आतून ओरडली. "मी तेच सांगून राहिली होती चार महिन्यांपासून!"

जेवायला तिने सांबारवडी केली होती. कोवळा हिरवा सांबार, म्हणजे कोथिंबीर, ठासून भरलेली आणि बाहेरून कुरकुरीत. मी केली असती तर तिखट अजून घातलं असतं, पण तिच्या घरात मी ते बोलले नाही.

धरमपेठ, पहिला दिवस

सकाळी आधी तर्री-पोहे खाल्ले, रस्त्याच्या कडेला उभ्यानेच. पोह्यांवर लाल तेलाची, चण्याची झणझणीत तर्री. आमच्याकडे बायका अशा रस्त्यावर खात नाहीत, म्हणून मी गाडीआड उभी राहिले. मग पाहिलं तर माझ्या वयाच्या दोन बाया मजेत दुसरी प्लेट मागत होत्या. मी गाडीआडून बाहेर आले.

दुकानाला पाटी नव्हती. गल्लीतल्या घराचा वरचा मजला, दारात चपला काढायच्या. मालक अनंतभाऊ, ह्यांच्याच वयाचे, पांढऱ्या मिशांचे, फार हळू बोलणारे. आतल्या खोलीला खिडकीच नाही. भिंतींना गादीसारखं जाड कापड लावलेलं. दार लागलं तसा बाहेरचा हॉर्न, कुत्रं, माणसं, सगळं एकदम पुसल्यासारखं झालं. चक्कीत जन्म घालवलेल्या माणसाला अशी शांतता पहिल्यांदा कानात टोचते. मला माझाच श्वास मोठा वाटू लागला.

समोर दोन यंत्रं होती. पहिल्याचं ताट काचेचं. खाली लाकडाची पातळ फळी, बाजूला मोटार, आणि मोटारीवरून ताटाला वेढलेला रबराचा पट्टा, शिवणाच्या दोऱ्याहून थोडा जाड. सुईचा दांडा एका टोकावर तोललेला, फुंकर मारली तरी हलेल असा. इतकी देखणी वस्तू मी कधी पाहिली नव्हती. दुसरं काळं, चौकोनी, जड. त्याला पट्टाच नाही. मोटार थेट ताटाच्या पोटात, आणि समोरच्या कोपऱ्यात रुपयाएवढं उंचावलेलं बटण. दोन्ही महागच. किंमत ऐकून मी मनातल्या मनातही ती परत म्हटली नाही.

अनंतभाऊंनी आधी गवंड्याच्या लेव्हलसारखी छोटी पट्टी काचेच्या ताटावर ठेवली. आतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत ते एकेक पाय फिरवत राहिले. ते मला लगेच कळलं. चक्कीचा दगडही तसूभर कलला तर एका बाजूचं पीठ जाडं पडतं. आपलं काम दुसऱ्याच्या हातात दिसलं की परक्या जागीही ओळखीचं वाटतं.

"तुमचीच रेकॉर्ड लावू," ते म्हणाले.

मी कापडी पिशवीतून लग्नातली सनईची तबकडी काढून दिली. काचेचं ताट फिरू लागलं. सनई सुरू झाली, फार गोड झाली, आणि मग हळूहळू सर्दी झाल्यासारखी होत पार बसली. अनंतभाऊंनी घाईने दांडा उचलला, भिंग लावून सुईकडे पाहिलं. टोकावर पांढरा गोळा जमला होता.

"हे काय आहे जी?"

"रंग कसा आहे?" ह्यांनी विचारलं.

"पांढरा. थोडा पिवळसर."

"मंग ज्वारी नाही. बेसन असंल."

सचिनराव खुर्चीतच वाकून हसू लागले. वैशालीने कपाळावर हात मारला. "आई! पिठाच्या पिशवीत आणली का वं तू?"

मी धुतलेलीच पिशवी घेतली होती, पण चक्कीच्या घरात धुतलेलं म्हणजे किती धुतलेलं? जमीन दुभंगावी असं मला झालं. एवढ्या महागड्या सुईला मी बेसन लावलं होतं. अनंतभाऊ मात्र रागावले नाहीत. नखाएवढ्या कुंच्याने त्यांनी सुई साफ केली आणि म्हणाले, "वहिनी, आमच्याकडे सिगारेटची राख येते, अगरबत्तीची येते. बेसन पहिल्यांदाच. चला, आंघोळ घालू तिला."

तबकडी धुवायचंही एक यंत्र असतं. त्यावर ती गोल फिरते, वरून पाणी पडतं, मऊ कुंचा रेषांमधून जातो आणि मग एक नळी सगळं पाणी ओढून घेते. बाटलीत जमलेलं पाणी ताकासारखं होतं. तबकडी अशी काळी चमकली की तिच्यात वरचा दिवा दिसला.

मग सनई पुन्हा लागली. ते कसं लिहू? प्रत्येक सुराच्या आधी सनईवाला श्वास घेत होता, तो ऐकू आला. खराखुरा माणूस, समोर बसून, छाती भरून घेणारा. मागे चौघड्यावर कोणाची तरी टिपरी हलकेच टेकली, तेही ऐकू आलं. चाळीस वर्षं आम्ही सनईवर साचलेलं पीठ ऐकत होतो. हे पुढे झुकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर.

काळ्या यंत्रावरही लावली. तोही आवाज मोठा, भरलेला, घट्ट. पण श्वास थोडा मागे गेल्यासारखा वाटला. काचेचंच सरस होतं. मलाही तसंच वाटलं आणि ते लपवण्यासारखं नाही.

"बस, हेच," सचिनराव म्हणाले. "बाबा, तुम्हाले कसं वाटलं?"

"छान आहे जी."

तो 'छान' मी ओळखला. डॉक्टर विचारायचे, आता कसं वाटतं, तेव्हा हे असंच 'छान' म्हणायचे. मग सचिनराव अगदी मायेने बोलले, "लावाले नाजूक आहे थोडं, पण आई लावून देतील. त्यात काय!"

"हो, हो," हे म्हणाले, आणि ह्यांचा उजवा हात गुडघ्यावर सपाट फिरला, कापडाची सुरकुती काढावी तसा. टॉवेल टाकून झाल्यावर ह्यांनी तसाच हात फिरवला होता.

मला बोलायचं होतं. पण मी पिशवीची घडी घालत बसले. अनंतभाऊच म्हणाले, घाई करू नका, उद्या पुन्हा या. मी त्यांना मनात नमस्कार केला.

बेसा, दुपार

गॅलरीत उन्हात आम्ही दोघंच बसलो होतो. हे संत्रं सोलत होते. पाहत बसले मी. अंगठ्याने देठाची खळगी शोधली, नख टेकवलं आणि सालीची एकच अखंड पट्टी काढली. एकही फोड फुटली नाही.

"कोणती आवडली तुले?" ह्यांनी विचारलं.

"तुम्हाले?"

"काचेची. तो श्वास घेते ना, जसा बाजूले बसला आहे."

"मंग घेऊ तीच."

"घेऊ," हे म्हणाले आणि अर्धं संत्रं माझ्या हातात ठेवलं.

मी त्या सालीकडे पाहत राहिले. हे हात चुकणारे नव्हते. देठाची खळगी असेल तर बोट तिथे जातंच. काचेच्या यंत्राला अशी खळगी कुठेच नव्हती. जिथे हात लावावा तिथे ते हलत होतं. काळ्या यंत्राचं ते बटण मला आठवलं, आणि दांडा खाली सोडणारी जाडशी खिट्टी.

वैशालीला सांगायला मी स्वयंपाकघरात गेले. पण तिला सांगायचं म्हणजे टॉवेलची गोष्ट सांगायची, आणि ती ह्यांची गोष्ट होती, माझी नव्हती. मी नुसतीच भांडी पुसून परत आले.

धरमपेठ, दुसरा दिवस

अनंतभाऊंनी काचेचं यंत्र पुसून तयार ठेवलं होतं. सचिनराव म्हणाले, "पॅक करून टाकू मंग?"

आणि मी बोलले. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. "आधी लाइट बंद करून लावून दाखवा."

सगळे माझ्याकडे वळले. "काहून आई?" सचिनरावांनी विचारलं.

"आमच्याकडे लाइट जाते घडीघडी."

"लाइट गेली तर मशीनच बंद पडणार ना, आई!"

ते हसले, वैशाली हसली, मग अनंतभाऊही मिशीत हसले. बरोबरच होतं. रात्रभर विचार करून मी एवढंच निमित्त शोधलं होतं आणि ते एका फुंकरीत गेलं. माझे कान तापले. पदराचं टोक बोटाला गुंडाळत मी खाली पाहत राहिले.

तेवढ्यात ह्यांचा आवाज आला. "तिचं म्हणणं ऐका जी. बंद करा दिवे. पाहू कोणाले लावता येते."

वैशालीचं हसू थांबलं. तिने ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अनंतभाऊंनी काचेच्या यंत्रावर आपली एक तबकडी आणि काळ्यावर आमची सनईची ठेवली. मग दिवे घालवले. बिनखिडकीच्या खोलीत असा अंधार झाला की डोळे उघडे आहेत की मिटलेले ते कळेना.

"पहिले मालक," हे म्हणाले.

अनंतभाऊंचे हात काचेच्या यंत्रावर चाचपडताना ऐकू येत होते. दांडा कशालातरी टेकून परत गेला. मग ते स्वतःच म्हणाले, "नाही बाबा. सुई मोडंल. वीस वर्षांपासून हेच करून राहिलो, पण नाही होत."

"आता मले त्या जड मशीनजवळ न्या."

मी ह्यांना हात धरून नेलं आणि तो हात त्या बटणावर ठेवला. मग हात सोडला. ह्यांची बोटं यंत्राच्या कडेवरून घासत हळूहळू फिरली आणि हे एकेक नाव पुटपुटत गेले. बटण. ताट. तबकडीची कड. दांड्याची बैठक. खिट्टी. चक्की नवीन घेतली तेव्हाही हे असेच तिच्याभोवती हात फिरवत बसले होते, डोळे असताना. बटण दाबल्याचा आवाज आला. डाव्या अंगठ्याने कडेचा अंदाज, उजव्या हाताने दांडा त्या कडेपर्यंत, मग खिट्टी, तेही पुटपुटतच. सुई कडेच्या बाहेर उतरली. फक् असा आवाज झाला.

"थांबा," कोणीतरी म्हणालं. ती मीच होते. "अजून एकदा."

दुसऱ्यांदा सुई सुराच्या मधोमध पडली. सनई एकदम ओरडून उठली आणि हे हसले, मोठ्याने. तिसऱ्यांदा खिट्टी सोडल्यावर आधी किंचित खरखर झाली, आणि मग तो श्वास. थोडा मागे होता, पण होता.

अनंतभाऊंनी बऱ्याच वेळाने दिवा लावला. वैशाली डोळे पुसत होती आणि पुसत नसल्यासारखं करत होती. सचिनराव उठून ह्यांच्या शेजारी बसले. "हेच घेऊ, बाबा. मी उगाच घाई केली."

"काचेची जास्त गोड आहे जी," हे म्हणाले. "पण हे मशीन माझी आहे."

अनंतभाऊंनी आणखी एक छोटी वस्तू दाखवली. बोटभर उंचीचा खांब, यंत्रावर बसवला की बाजू संपताच तो दांडा आपोआप वर उचलतो. म्हणजे सुई घासत राहायची भीती नाही. असं काही डोकं लावून बनवणारा माणूस कुठे राहत असेल, त्याला माझा नमस्कार.

मग त्यांनी विचारलं, "ठेवाल कुठे? बाजूला चक्की म्हणता. जमीन हादरली की सुई उडणार. जड दगड पाहिजे खाली. लोक त्यासाठी खास कापून घेतात."

एकदा बोलले होते, तर दुसऱ्यांदा सोपं गेलं. "आमच्याकडे आहे दगड. चक्कीचा जुना. वीस इंची."

अनंतभाऊ माझ्याकडे पाहतच राहिले. "वहिनी," ते म्हणाले, "मले फोटो पाठवा."

पारशिवनी

पुढच्या रविवारी सचिनराव गाडीतून यंत्र घेऊन आले. अंगणातला घासलेला दगड, ज्यावर मी कपडे धुवायची, तो चौघांनी उचलून आतल्या खोलीत विटांच्या ओट्यावर बसवला. विटांखाली पट्ट्याचं जुनं रबर घातलं. सचिनरावांनी बुडबुड्याची पट्टी ठेवून एकेक कोपरा नीट केला. यंत्र त्या दगडावर असं बसलं की जणू तिथेच घडवलं. तबकड्यांसाठी वैशालीने कोऱ्या पिशव्या आणल्या आणि मला दम भरला, "पिठाचा हात लावशील तर पाहा!" जुन्या मशीनवरचा टॉवेल तिने घडी करून खुंटीला अडकवला.

सोमवारी ह्यांनी यंत्राला हात लावला नाही. मंगळवारीही नाही. पाणी आणायला जाता-येता मी खुंटीवर टॉवेल आहे ना, ते पाहत होते.

बुधवारी चक्कीवर गर्दी होती. शेजारच्या कांताबाईचे गहू लावले होते. दळताना अचानक असं वाटलं की आवाजात आणखी एक आवाज मिसळला आहे. मी चक्की बंद केली. पट्टा फटफटत थांबला. आतून सनई येत होती. एकसारखी, कुठेही न अडखळता. म्हणजे चक्की चालू असतानाच लागली होती आणि सुई हलली नव्हती. मला हाक मारली नव्हती.

मी पिठाच्या हातांनी उभी राहिले. बाजू संपली, दांडा उचलल्याचं कळलं, मग सगळं शांत. आत पाय सरकल्याचा आवाज आला, मग तबकडी काढल्याचा.

"काहून थांबली वं?" कांताबाई म्हणाली. "दळण ठेवून जाऊ का मी?"

"थांब वं जरा," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "त्याहिले बाजू उलटवू दे."